तेलावर चुना धरत नाही

७ फेब्रुवारी १९८२, रविवार

आणि वर म्हणतात, झालं.

चार महिने आमचे हे विहाराच्या भिंतीपुढं बसले. समितीनं दिलेला सगळा रंग संपवला, घरातलं एक काम केलं नाही, आणि आज सकाळी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून म्हणाले, झालं. काय झालं? मी डोळे फाडून बघितलं. खाली तांबूस, वर निळसर पांढरं. मध्ये रेघसुद्धा धड नाही, एकात एक विरघळलेलं. डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, एक काळपट डाग. त्याला कडा नाहीत, मधून गडद आणि बाहेर जाता जाता विरलेला. बाकी भिंत उघडी. बुद्ध कुठं आहे म्हणून विचारलं तर माझ्याकडं बघितलं, हात पुसले आणि बाहेर गेले.

प्रौढ वर्गाच्या बाई म्हणायच्या, लिहायचं तर परक्याला कळेल असं लिहा. तर मी धोंडाबाई. शाळा दोन इयत्ता, बाकीचं वर्गात आणि घरी शिकले. काम चुना देण्याचं. सध्या इंदिरानगरला नवीन बंगले उठतायत, तिथं आम्ही सहा बाया जातो. नवरा निवृत्ती पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, आणि दर जयंतीला बाबासाहेबांचा मोठा बोर्ड. डोळे असे काढतात की उठून बोलतील. आमच्या वस्तीनं सात वर्षं खपून विहार बांधला. बायांनी डोक्यावरून वाळू वाहिली, त्यात मीपण होते. चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी तो उघडायचा. समोरच्या मोठ्या भिंतीवर बुद्ध काढायचं काम यांना दिलं ते त्या डोळ्यांसाठी. आणि यांनी डोळेच काढले नाहीत.

वही माझ्या पोरीची, झुंबरची आहे. पुढून तिचं लिहिलेलं आहे, अकरावीचं. मी मागून लिहिते. कोरी पानं वाया कशाला घालवायची.

९ फेब्रुवारी

सुमनबाई कामावर सगळ्यांसमोर म्हणाली, "धोंडाबाई, तुझ्या पेंटरनं तर तुझंच काम केलं की गं. खाली काव, वर नीळ." सगळ्या हसल्या. एकीला तर ठसका लागला.

मी भाकरी तशीच बांधून ठेवली. राग त्याचा आला की ते खरं आहे. मी प्रत्येक घराला तेच करते. खाली हातभर-दोन हात तांबड्या मातीची काव, म्हणजे मुलांचे पाय, पाण्याचे शिंतोडे दिसत नाहीत. वर चुना, त्यात चिमूट नीळ. आमच्या घरातपण तसंच. असली भिंत मी जेवणाच्या सुट्टीआधी संपवते. यांना चार महिने लागले.

डिसेंबरात मी विहारात डबा घेऊन गेले होते तेव्हा भिंतीवर कोळशानं तोंड काढलेलं होतं. मला वाटलं, चला, लागले कामाला. जवळ जाऊन बघते तर बुद्धासारखं काही नाही. हनुवटी बारीक, गाल बसलेले, बाईमाणूस वाटत होतं. मी म्हटलं, बुद्धाला दाढीमिशी नसते म्हणून काय पोरीचं तोंड काढायचं? त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. त्यानंतर आणखी दोनदा काढून पुसलेलं मी पाहिलं. मग तोंड काढायचंच सोडलं.

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की या माणसाचा हात गेला.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज समितीची मीटिंग होती. बाया सहसा मागं बसतात. मी पुढं जाऊन बसले. यांना बोलावलं होतं, आले नाहीत.

खंडेराव अध्यक्ष आहेत. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, बोलतात मोजून. ते यांची बाजू सांभाळत होते. म्हणाले, निवृत्तीच्या घरी गेल्या वर्षी दुःख झालं, आपण जरा दमानं घेऊ, महिनाभर वाट बघू, तो काढील चेहरा. मला ती दया सहन झाली नाही. दुःख झालं म्हणून काय वस्तीची भिंत नासायची? दुःख मलाही झालं. मी पाचव्या दिवशी कामावर गेले.

मी उठून म्हटलं, "मी त्यांची बायको आहे, मी सांगते. ते काढणार नाहीत. महिना कशाला घालवता? पुसून टाका आणि दुसरा पेंटर बघा."

कोणीतरी म्हणालं, मग चुना फासू. त्यावर तर मला हसूच आलं. म्हटलं, ऑइलपेंट आहे तो. तेलावर चुना धरत नाही. दिलात तर आठ दिवसांत पोपडे निघतील आणि खालचं परत वर येईल. आधी पत्र्यानं खरवडायचं, गिलावा दिसेपर्यंत. मग धुण्याच्या सोड्यानं घासायचं. मग चुन्याचे दोन हात. आमच्या घरात मी तसंच केलं.

ते केलं गेल्या जयंतीच्या आधी. खिडकीखाली झुंबरच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं वाचायची. शंभरदा सांगितलं असेल, डोकं टेकू नको, भिंत खराब होते. ऐकेल तर ना. दर वर्षी जयंतीला वस्तीत सगळ्यांच्या घरी चुना होतो, तसा मी द्यायची, आणि दिवाळीपर्यंत डाग परत वर. ती म्हणायची, बघ आई, मी परत आले. गेल्या वर्षी नीट खरवडला, सोडा लावून घासला, तेव्हा गेला तो गेला. आता भिंत स्वच्छ आहे.

झुंबर त्याच वर्षी, जानेवारीत गेली. कावीळ झाली. सतरा वर्षांची होती.

समितीनं माझं सगळं म्हणणं लिहून घेतलं. मी सही केली. सही मला झुंबरनंच शिकवली, त्यामुळं अंगठा लागत नाही.

१९ फेब्रुवारी

मी समितीत काय बोलले ते यांना कळलं. कोणी ना कोणी सांगणारच. जेवले, ताट धुतलं आणि ओट्यावर जाऊन बसले. भांडले असते तर बरं झालं असतं.

तसं बोलणं गेल्या जयंतीपासूनच आटलंय. आधी मला झुंबरची आई म्हणायचे. आता नुसतं अगं. ती गेल्यावरसुद्धा तीन महिने झुंबरची आईच म्हणत होते, मग एकाएकी थांबले. मी काय वाईट केलं? घर बंद पडू दिलं नाही, जयंतीला चुना दिला, पुरणाचं केलं, आल्यागेल्याला जेवू घातलं. मी रडत बसले असते तर चूल कोणी पेटवली असती? पुरुषाला बसून राहायला जमतं.

३ मार्च

शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर विहार बघायला आले. मी झाडत होते. भिंतीपुढं उभे राहिले, मागं सरकले, परत पुढं गेले, चष्मा काढला, घातला. मला वाटलं, आता हसतील. तर म्हणाले, कोणी केलं हे? मी सांगितलं. म्हणाले, बाई, हे अमूर्त आहे.

म्हटलं, ते दिसतंच आहे. मूर्ती नाही हेच तर आमचं भांडण.

मग त्यांनी मला समजावलं. म्हणे चित्रात माणूस, झाड, घर दिसलंच पाहिजे असं नाही. नुसत्या रंगातसुद्धा भावना असते. गाणं ऐकताना शब्द कळले नाहीत तरी आपण ऐकत उभे राहतो, तसं. मी म्हटलं, भावना आहे तर मला का दिसत नाही, मी तर त्यांच्या घरातच राहते. मास्तर हसले. म्हणाले, खरा रंग आत्म्याला जाऊन भिडतो.

मी म्हटलं, मास्तर, आम्ही आत्मा मानत नाही.

ते जरा गडबडले. मग मला विचारलं, हा डाग एवढा खाली का घेतला असेल? मधे का नाही? मी म्हटलं, बसून काम करायची सवय, हात वर पोचला नसेल. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. शिकलेल्या माणसाला काहीही सांगा, लिहून घेतो.

९ मार्च, पौर्णिमा

विहार अजून उघडला नाही, पण पौर्णिमेची वंदना आत घेतली. बाहेरगावचे भन्ते आले होते, वयस्कर, आवाज बारीक. खंडेरावांना घाम फुटलेला. भन्ते भिंतीपुढं बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. शेवटी खंडेराव म्हणाले, माफ करा, अजून काम पुरं व्हायचंय.

भन्ते म्हणाले, पुरं आहे. मग त्यांनी सांगितलं की पहिली कित्येक शतकं बुद्धाचा चेहरा कोणी काढतच नव्हतं. रिकामं आसन काढत, नाहीतर पावलं. आपल्या इथल्या लेण्यातसुद्धा जुन्या चैत्यात नुसता गोल दगडी स्तूप आहे. गेलेल्याची जागा रिकामी ठेवायची, आणि बघणाऱ्यानं ती आपली आपण भरायची.

लेणी आम्हाला इंदिरानगरच्या कामावरून रोज दिसतात. चढून गेलेय मी. गार वाटतं, एवढंच.

यांनी भन्त्यांचं सगळं ऐकलं. हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. खंडेराव लगेच वाकले असते. पण हे म्हणाले, "भन्ते, मी तसा विचार करून काढलं नाही." झालं. भन्त्यांनी शिडी लावून दिली आणि यांनी ती पायानं पाडली.

भिमाबाई मात्र तिथून हलेना. सत्तरीची म्हातारी, मूळची सायखेड्याची, सगळी वस्ती तिला मावशी म्हणते. सगळे गेले तरी भिंतीकडं बघत बसलेली, पदर ओला. मी म्हटलं, मावशी, उठ, कुलूप लावायचंय.

म्हणाली, "थांब गं जरा. ही रेघ हाय ना, ही पाण्याची हाय. पूर उतरला तवा आमच्या घराला अशीच व्हती. वर कोरडं, अन् खाली समदं गेल्यालं."

एकोणसत्तरच्या पुरात तिचा मुलगा बहिरू गेला. हे मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तेरा वर्षांत पहिल्यांदा बोलली असेल. मी तिला हाताला धरून घरी सोडलं. वाटेत म्हटलं, मावशी, तो नुसता रंग आहे, तांबडा आणि निळा. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच खुळी.

१६ मार्च

भिमाबाई रोज जाऊन बसते. आता आणखी दोघीतिघी जातात. एक तर नवऱ्यानं टाकलेली आहे, ती पाठ भिंतीला लावून बसते आणि घटकाभरानं उठून निघून जाते, कोणाशी बोलत नाही. मी एकीला विचारलं, काय दिसतं गं तिथं? म्हणाली, काय नाय दिसत, म्हणून तर बरं वाटतं. कोणी बघत नाय आपल्याकडं.

देवळासमोर रांगा लावणाऱ्यांत आणि या बायांत मग फरक काय राहिला?

२१ मार्च, रविवार

समितीचं ठरलं. पुसायचं. मालेगावचा एक पेंटर मिळालाय, तो तीन दिवसांत बुद्ध काढून देतो, कमळासकट. त्याच्या आधी भिंत साफ हवी.

भिमाबाईनं मध्येच तोंड घातलं, की राहू द्या, काय खातंय ते? त्यावर खंडेराव बोलले ते मला पटलं. म्हणाले, "मावशी, माझा बाप देवळाच्या पायरीपासून वीस पावलं लांब उभा राहायचा. आत काय आहे ते त्याला मरेपर्यंत दिसलं नाही. आज आपलं स्वतःचं झालं. लोक येतील, पोरं येतील, बाहेरचे पाहुणे येतील. आत आल्यावर काहीतरी दिसलं पाहिजे. रिकामी भिंत आमच्या बापानं पुष्कळ बघितली."

मग म्हणाले, खरवडायचं काम धोंडाबाईंना द्यावं, त्यांच्याइतकी माहिती कोणाला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण. सोमवार २९ पासून सुरू. आधी इंदिरानगरचं हातातलं काम उरकते.

घरी येऊन यांना सांगितलं. म्हटलं, दुसऱ्या कोणी खरवडण्यापेक्षा मी केलेलं बरं, घरातल्या घरात राहील. ते म्हणाले, "तुला जमेल ते." एवढंच.

२९ मार्च, सोमवार

काय लिहू. हात अजून सोड्यानं चुरचुरतोय.

सकाळी एकटीच गेले. पत्रा, सोडा, घमेलं, बादली, चिंध्या. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू केलं, माझी पद्धत आहे. एक वीतभर पट्टा खरवडला. तांबडा रंग लवकर सुटला. मग तो डाग आला. उभ्यानं तिथं जोर लागेना म्हणून खाली बसले, डावा हात भिंतीला टेकवला, उजव्यात पत्रा धरला.

आणि माझा हात थांबला. मी थांबवला नाही. अशीच बसले होते मी आधी. अशीच, गुडघा मुडपून, डावा हात इथं, पत्रा इथं. एवढ्याच उंचीवर.

मी पत्रा घमेल्यात टाकला आणि घरी गेले. भर दुपारी रस्त्यानं जवळजवळ पळत. हे घरी नव्हते. खिडकीखाली बसले आणि मोजलं. जिथं खरवडलं होतं तिथं बोट फिरवलं की अजून खड्डा लागतो, डोळ्याला दिसत नाही. जमिनीपासून साडेतीन वीत. कोपऱ्यापासून सहा वीत आणि चार बोटं.

परत विहारात गेले. साडेतीन वीत. कोपऱ्यापासून सहा वीत, चार बोटं.

मग उठून लांब जाऊन बघितलं. खाली काव, वर चुन्यात चिमूट नीळ. कावेची कड वरच्यात विरघळलेली, कारण आमच्या घरात मी दर वर्षी काव ओली असतानाच वरचा हात देते, घाई असते म्हणून. सुमनबाई हसली होती, पेंटरनं तुझंच काम केलं. माझंच होतं. आमचीच भिंत होती ती, मापाला माप ठेवून इथल्या मोठ्या भिंतीवर काढलेली. आणि मी दीड महिना वस्तीभर ओरडत फिरले, इथं काही नाही म्हणून.

किती वेळ बसले माहीत नाही. भिमाबाई आली, शेजारी टेकली. खरवडलेल्या पट्ट्याकडं बघून नुसतं च्च केलं.

३० मार्च

यांना विचारलं. सरळच विचारलं, मला फिरवून बोलता येत नाही.

"गेल्या वर्षी मी डाग खरवडत होते तेव्हा तुम्ही कुठं होता?"

म्हणाले, "दारात."

"दिसत होतं तुम्हाला?"

"हो."

"मग हात का नाही धरला माझा? तोंड शिवलं होतं?"

बिडी पेटवली, विझवली. मग म्हणाले, "झुंबरची आई, तू इतक्या जोरानं घासत होतीस. मला वाटलं, हिलापण दुखतंय, घासू दे हिला. मी थांबवलं असतं तर तू कुठं गेली असतीस?"

वर्षानं झुंबरची आई म्हणाले. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला इतका राग आला की मी पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला. म्हटलं, तुम्ही समजूतदार, तुम्हाला सगळं कळतं, आणि मी एकटी वेडी. सांगितलं असतंत तर डाग राहिला असता. चार महिने रंग फासण्यापेक्षा चार शब्द बोलला असतात. तोंड काढायला गेलात तेव्हा तरी सांगायचं, की तिचंच येतंय. मी त्यालाही हसले. मला हसू दिलंत.

ते म्हणाले, "बोलायला गेलो की माझं रडं निघतं. रंगानं निघत नाही."

तांब्याला पोचा आलाय. भिंतीलापण. राहू दे.

१ एप्रिल

काम थांबवलं. खंडेरावांचा निरोप आला, काय झालं? तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. हे खोटं झालं. रोज मुसावादा वेरमणी म्हणते, खोटं बोलणार नाही म्हणून, आणि पहिलं खोटं याच भिंतीसाठी बोलले.

ड्रॉइंगच्या मास्तरांना रस्त्यात गाठलं. ते म्हणाले, समितीला सांगा की भन्ते म्हणाले तेच खरं, ही बुद्धाची रिकामी जागा आहे. तुम्ही स्वतः सांगा, तुमचं ऐकतील. तुम्हीच आधी विरोध केलात, आता तुम्हीच म्हणालात की मला दिसलं, तर भिंत वाचेल. अगदी सोपं आहे, बाई.

सोपं आहे हे मलाही कळतं.

४ एप्रिल, रविवार

सोपं होतं आणि मला जमलं नाही.

घरून पाठ करून गेले होते. रिकामी जागा, लेणी, स्तूप, भन्ते. यांनापण ओढत नेलं, मागच्या खांबाला टेकून उभे राहिले. खंडेराव म्हणाले, बोला धोंडाबाई, खरवडायचं का थांबवलंत? वंदना नुकतीच झाली होती. पाच शीलं म्हणून तोंड अजून कोरडं झालं नव्हतं.

मी म्हटलं, "तो डाग माझ्या पोरीच्या डोक्याचा आहे."

आणि मग सगळंच बाहेर आलं. घरची भिंत, जयंतीचा चुना, पत्रा, साडेतीन वीत. मला वाटलं होतं, खरं ऐकलं की माणसं पाघळतात. दोघीतिघींनी पदर लावला डोळ्याला, नाही असं नाही. यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. आणि खंडेराव मऊ आवाजात म्हणाले, "धोंडाबाई, वाईट वाटतं. पण मग तर काढलाच पाहिजे. विहार वस्तीचा आहे. प्रत्येकानं आपल्या घरचं माणूस इथल्या भिंतीवर काढलं तर कसं व्हायचं? मी माझा बाप कुठं काढू?"

भिमाबाई उठून उभी राहिली. ती माझ्या बाजूनं बोलणार म्हणून मी बघत होते. तर ती माझ्यावरच चिडली. म्हणाली, "तुझी झुंबर कशी असंल तिथं? तिथं तर माझा बहिरू हाय. तू कशाला बोल्लीस? गप बसली असतीस तर समद्यांचं व्हतं ते."

आणि काठी टेकत निघून गेली.

ठराव झाला. मालेगावचा पेंटर रविवारी, अकरा तारखेला येणार, त्याच्या आधी भिंत साफ. मी करणार नसेन तर दुसरं कोणी. कसं करायचं ते फेब्रुवारीच्या कागदावर लिहिलेलंच आहे, म्हणाले. पत्रा, सोडा, दोन हात. खाली माझी सही.

घरी येताना हे म्हणाले, जाऊ दे, मी काढलं तेव्हाच मला मिळायचं ते मिळालं. मी म्हटलं, तुम्हाला मिळालं असेल. मला २९ तारखेला मिळालं, आठ दिवससुद्धा झाले नाहीत.

६ एप्रिल, मंगळवार

वस्तीत माझ्याशिवाय चुन्याचं काम करणाऱ्या पाच बाया आहेत. पाचही माझ्या हाताखाली शिकल्या. आज एकेकीच्या दारात गेले. विचारलं काहीच नाही, नुसती दारात उभी राहिले. सुमनबाई म्हणाली, भिंत खरवडायला मला बोलावणं आलंय, मी अजून हो म्हटलं नाही. आणि आत गेली. नाही पण म्हटलं नाही.

तिथून भिमाबाईकडं गेले. म्हटलं, मावशी, चुकलं. तिथं बहिरू आहे. झुंबर आहे. तू रेघ घे, मला डाग दे. म्हातारी म्हणाली, चहा घेशील का.

माझ्या बाजूनं वहीची पानं संपत आली. पुढचं पान उलटलं की झुंबरचं अक्षर लागतं. जेवढं उरलंय त्यात समितीला द्यायचं पत्र आधी इथं लिहून बघते. उद्या चांगल्या कागदावर उतरवीन आणि खंडेरावांच्या हातात देईन.

मा. अध्यक्ष, विहार समिती यांस, धोंडाबाई निवृत्ती हिचा जयभीम.

चित्रातलं मला कळत नाही. मास्तर म्हणतात अमूर्त, भन्ते म्हणतात रिकामी जागा, भिमाबाई म्हणते पाण्याची रेघ. मला चुना कळतो. फेब्रुवारीत मी जे सांगितलं ते बरोबर आहे, खरवडल्याशिवाय ते जाणार नाही. ती सही माझीच आहे, मी ती नाकारत नाही.

पण रविवारी मी खोटं बोलले असते तर भिंत राहिली असती, आणि खरं बोलले म्हणून ती चालली, हे कोणत्या शीलात बसतं ते मला समितीनं सांगावं. तुमच्या वडिलांनी बाहेरून रिकामी भिंत बघितली, त्याचं मलाही वाईट वाटतं. ही भिंत बाहेरची नाही. हिच्यापुढं बसायला कोणी वीस पावलं लांब उभं राहत नाही. तुम्ही एक दिवस एकटे येऊन बसा, तुमचे वडील कुठं काढायचे ते तुम्हालाच दिसेल. बुद्ध उजव्या भिंतीवर काढा, तीपण मोठी आहे, उजेडपण चांगला आहे. तिला चुना मी फुकट देते, कमळासकट काढू दे त्याला.

हे मान्य नसेल तर माझं एकच विचारणं आहे. पत्रा हातात कोण धरणार? समिती म्हणून चालणार नाही, समितीला हात नसतात. एका माणसाचं नाव पाहिजे. मी एकदा धरला होता, मला माहीत आहे त्याला काय लागतं, म्हणून विचारते.

हे पत्र दिल्यापासून मी डागापाशी बसून असेन. वर्षभर केसाला तेल लावलं नव्हतं, आज लावलं. डोकं भिंतीला टेकलेलं असेल. ज्याचं नाव असेल त्यानं आधी मला उठवावं.

नाव लिहून, खाली सही करून, शनिवारी दहा तारखेला संध्याकाळच्या वंदनेच्या आत माझ्या हातात द्या.